कोडच्या ओळीत उमटलेलं चित्र आणि लखनौचा कायदा

लाइव्ह कोडिंग म्हणजे लोकांसमोर बसून प्रोग्रॅम लिहीत लिहीत संगीत वाजवणं. कलाकार लॅपटॉप उघडतो, एडिटरमध्ये एक ओळ लिहितो आणि ती ओळ वाजू लागते. ओळीतला एक आकडा बदलला की वाजणं बदलतं. फेब्रुवारी २००४ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात असं संगीत करणारे काही लोक जमले आणि त्यांनी टॉपलॅप नावाची संघटना काढली. त्यांच्या जाहीरनाम्यातली एक मागणी आजही या मंडळींच्या तोंडी असते: स्क्रीन लपवू नका, लोकांना दाखवा.

त्या मागणीला कारण होतं. लॅपटॉपवर संगीत करणारा माणूस मंचावर असा बसायचा, की श्रोत्यांना फक्त झाकणामागचा लोगो दिसावा. आत तो खरंच वाजवतोय, की आधी रेकॉर्ड केलेलं सुरू करून मेल वाचतोय, हे कळायला मार्ग नव्हता. सतारवादकाचा हात दिसतो, तबलजीची बोटं दिसतात. कोड लिहिणाऱ्याची बोटं दिसली तरी त्यावरून काही समजत नाही. म्हणून स्क्रीन मागच्या पडद्यावर आली.

पडद्यावर मात्र अक्षरं आली. कंस, टिंबं, आकडे. सात-आठ ओळी एकाच वेळी वाजत असतात. त्यातली कोणती ओळ ढोल वाजवतेय आणि कोणती सूर धरून आहे, हे श्रोत्याला कळत नाही. बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही कळत नाही. दार उघडलं, पण आतली भाषा अनोळखीच राहिली. या अडचणीवर जो तोडगा निघाला, त्याचा हा इतिहास आहे. तोडगा सांगायला सोपा आहे: जी ओळ वाजतेय, तिच्याच खाली तिच्या वाजण्याचं छोटं चित्र उमटवायचं. आज स्ट्रुडेल नावाच्या एडिटरमध्ये हे सहज होतं. या ओळीतल्या चित्रांना विजेट म्हणतात.

हा विषय मी आपल्या वाचकांसमोर आणतोय, कारण स्ट्रुडेलमध्ये संगीत ज्या लिपीत लिहिलं जातं, तिच्या वंशावळीत लखनौच्या एका तबलावादकाचं घर येतं. त्या घराचा हक्क किती आणि किती नाही, हे नीट सांगितलं पाहिजे. आपल्याकडे अशा गोष्टी एकतर कुणी सांगत नाही, नाहीतर फुगवून सांगतात.

चित्राआधीचे प्रयत्न

टॉपलॅपच्या पहिल्या पिढीतले डेव्ह ग्रिफिथ्स हे चित्राकडे झुकलेले प्रोग्रॅमर. त्यांनी एक लाइव्ह कोडिंगचा खेळ केला आणि त्याला नाव दिलं ‘अल्-जझारी’. चौकटींच्या पटावर छोटे यंत्रमानव चालतात, त्यांच्या डोक्यावर विचारांचे फुगे असतात आणि त्या फुग्यांत खुणा भरल्या की त्याप्रमाणे ते चालतात, वाजवतात. इथे कोड हेच चित्र झालं होतं. नाव वाचून मला आनंद झाला. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात १२०६ साली यंत्रांवरचा ग्रंथ पुरा करणाऱ्या अल्-जझारींनी पाण्यावर तरंगणाऱ्या नावेत यांत्रिक वादक बसवले होते, त्याची ही आठवण. तेवढंच. ‘पहिला कॉम्प्युटर आम्हीच बनवला’ असं जे मोबाइलवर फिरत असतं, त्याच्याशी याचा संबंध लावायचं कारण नाही.

आइसलँडचे थॉर मॅग्नुसन यांनी ‘इक्सी लँग’मध्ये वेगळी वाट धरली. एखादी लय यंत्राने उलटीपालटी केली, तर त्यांच्या एडिटरमध्ये पडद्यावरचा मजकूरही आपोआप उलटापालटा व्हायचा. म्हणजे जे वाजतंय तेच लिहिलेलं दिसायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कॅलिफोर्नियात चार्ली रॉबर्ट्स यांनी ‘गिबर’ बनवलं, तेही ब्राउझरमध्ये चालणारं. गिबरमध्ये वाजणारा शब्द वाजतानाच उजळायचा आणि पुढे कोडच्या शेजारीच लाटेसारख्या बारीक आकृत्या उमटू लागल्या. रॉबर्ट्स यांनी २०१५ आणि २०१८ मध्ये यावर शोधनिबंधही लिहिले. माझ्या मते ओळीतल्या चित्राची खरी सुरुवात इथे आहे, आणि ते श्रेय त्यांना मिळालं पाहिजे.

दुसरीकडे इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी ‘टायडल’ नावाची भाषा घडवली होती. ती हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत बसवलेली आहे. लयींचे नमुने लिहायला टायडलसारखं दुसरं साधन नव्हतं. पण तिची रचना तीन घरांत विभागलेली. मजकूर एका एडिटरमध्ये, हिशेब हॅस्केलमध्ये आणि आवाज तिसऱ्याच प्रोग्रॅममध्ये, सुपरकोलायडरमध्ये. तिघं एकमेकांना निरोप पाठवून काम करायचे. आवाज काढणाऱ्याला मजकूर ठाऊक नाही आणि मजकूर दाखवणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही. मग चित्र काढायचंच झालं, तर वेगळ्या खिडकीत काढावं लागे.

तिन्ही घरं एका छपराखाली

२०२२ मध्ये मॅक्लीन आणि जर्मनीचे फेलिक्स रूस यांनी टायडलचा विचार जावास्क्रिप्टमध्ये आणायला घेतला. हेच स्ट्रुडेल. काही बसवावं लागत नाही. ब्राउझर उघडा, पान उघडा, लिहा. मराठी शाळेतल्या जुनाट कॉम्प्युटरवरही उघडतं. एडिटर, हिशेब आणि आवाज तिन्ही एकाच पानावर आले, आणि ओळीत चित्र बसवण्याची शक्यता इथून तयार झाली. अकलेपेक्षा घराच्या रचनेने हा प्रश्न जास्त सोडवला, असं मला वाटतं.

यातली मुख्य युक्ती पत्त्याची आहे. आपण अवतरणचिन्हांत काही शब्द लिहितो. प्रोग्रॅम ते वाचताना प्रत्येक शब्द मजकुरात कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे, हे टिपून ठेवतो. त्या शब्दातून जो आघात निघतो, तो आपला पत्ता सोबत घेऊन फिरतो. पुढे त्याचा वेग दुप्पट करा, उलटा करा, दुसऱ्यात मिसळा. वाजताना तो सांगू शकतो की मी अमुक जागेवरून आलो. पहिला फायदा असा झाला की वाजणाऱ्या शब्दाभोवती त्या क्षणी चौकट उमटू लागली.

दुसरा टप्पा स्लायडरचा, २०२३ मधला. कोडमध्ये एखाद्या आकड्याच्या जागी स्लायडर लिहिला की तिथेच ओळीत एक छोटी सरकपट्टी दिसते. ती माऊसने सरकवली की आवाज जाड-बारीक होतो. आणि सोबत मजकुरातला आकडाही बदलतो. इक्सी लँगची आठवण ठेवायला सांगितलं होतं, ती यासाठी. पट्टी सरकवून सापडलेली जागा मजकुरात लिहिलेली राहते. तो मजकूर दुसऱ्याला पाठवला, तर त्यालाही तोच आवाज मिळतो. हार्मोनियमच्या भात्यावर किती दाब दिला हे कुठेच लिहिलेलं राहत नाही, इथे राहतं.

तिसरा टप्पा २०२४ चा, ओळीतल्या चित्रांचा. ओळीच्या शेवटी चित्राचं नाव लिहायचं आणि नावाआधी अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ द्यायची. रेघ दिली तर चित्र त्या ओळीखाली उमटतं, नाही दिली तर पानाच्या पार्श्वभूमीवर मोठ्ठं पसरतं. चित्रांची नावंही पाहण्यासारखी आहेत. पियानोरोल हे आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायच्या छिद्रांच्या कागदी गुंडाळीवरून आलं. पंचकार्ड हे नाव ऐकलं की कॉम्प्युटरच्या आधीचे भोकाभोकांचे मागावरचे पुठ्ठे आठवतात. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना ते वेगळं सांगायला नको. त्याशिवाय स्कोप म्हणजे आवाजाची लाट, स्पायरल म्हणजे फिरत जाणारं कालचक्र, पिचव्हील म्हणजे सप्तकातल्या जागा गोलावर दाखवणारं चाक.

आत काय होतं तेही सांगतो, कारण गंमत तिथे आहे. प्रोग्रॅम आपला मजकूर वाचतो, रेघवालं नाव दिसलं की त्याची जागा टिपतो आणि एडिटरला सांगतो की इथे एक कोरा कागद चिकटव. हा एडिटर म्हणजे कोडमिरर नावाची तयार वस्तू आहे. मजकुरात मध्येच परकी वस्तू बसवण्याची सोय तिच्यात आहे. मग त्या ओळीच्या आघातांवर त्या कागदाचा शिक्का मारला जातो, म्हणजे एका ओळीचे आघात दुसऱ्या ओळीच्या कागदावर उमटत नाहीत. ब्राउझर सेकंदाला साधारण साठ वेळा ते चित्र पुन्हा काढतो. स्कोप असेल तर त्या ओळीच्या आवाजावर कान लावून बसणारा वेगळा मापक जोडला जातो.

अडचण पुढे येते. आपण वर एक नवी ओळ लिहिली, की खालचं सगळं सरकतं आणि टिपलेले पत्ते चुकतात. म्हणून प्रत्येक बदलासोबत कागदांच्या जागा पुन्हा मोजाव्या लागतात. आणखी एक बारकावा म्हणजे, मजकूर बदलला तरी जोवर आपण ‘वाजव’ असा हुकूम देत नाही, तोवर जुनंच वाजत असतं. त्या मधल्या वेळात अक्षरं नवी असतात आणि आवाज जुना. चित्र मात्र आवाजाच्या बाजूने असतं. लिहिलेलं काही म्हणो, वाजतंय हे, अशी साक्ष ते देतं. मला विजेटचा सर्वांत मोठा उपयोग इथे दिसतो. शोभा नंतरची.

दोन प्रकारची चित्रं

या चित्रांत एक भेद आहे, तो वापरणाऱ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. स्कोप हा झालेल्या आवाजाचा असतो. आवाज निघाला, मापकाने पकडला, लाट उमटली. पियानोरोल तसा नाही. टायडल आणि स्ट्रुडेलमध्ये लय ही आघातांची साठवलेली यादी नसते. ती काळाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असते. ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंत काय आहे?’ असं विचारलं की ती सांगते. हा प्रश्न पुढच्या काळाबद्दलही विचारता येतो. म्हणून पियानोरोलमध्ये मधोमध एक उभी रेघ असते, तिच्या एका बाजूला वाजून गेलेलं आणि दुसऱ्या बाजूला अजून न वाजलेलं. एक चित्र आवाजाचं, दुसरं इराद्याचं.

पियानोरोल आणि पंचकार्डमध्येही फरक आहे. पियानोरोल ओळीत त्याच्या आधी झालेले बदल दाखवतं. पंचकार्ड त्याच्यानंतर लिहिलेले बदलही जमेस धरतं. ओळीच्या मध्येच चित्र बसवलं तर तिथवरचा हिशेब दिसतो. गणितात मधल्या पायरीवर बोट ठेवून पाहावं तसं.

लखनौचं घर

आता लिपीकडे. स्ट्रुडेलमध्ये लय लिहायची पद्धत अशी: अवतरणचिन्हांत शब्द लिहा, त्या सगळ्यांत मिळून एक आवर्तन. ‘धा धिं धिं धा’ लिहिलं तर आवर्तनाचे चार समान भाग. ‘धा [धिं धिं] धा’ लिहिलं तर तीन भाग, आणि मधल्या भागात दोन बोल. आपल्याकडे तबला शिकलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. एका मात्रेत दोन बोल आले तर भातखंडे पद्धतीत त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतात; इथे चौकोनी कंस.

टायडलच्या या छोट्या लिपीमागची एक प्रेरणा बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाचं ‘बोल प्रोसेसर’ आहे. मॅक्लीन यांनी हे ऋण उघड मान्य केलेलं आहे, लपवलेलं नाही. आणि बोल प्रोसेसरची सुरुवात लखनौच्या तबल्यापासून झाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी जेम्स किप्पेन हे ब्रिटिश संशोधक लखनौत उस्ताद आफाक हुसैन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. आफाक हुसैन लखनौ घराण्याचे खलिफा, म्हणजे घराण्याचे प्रमुख. शिकवणी सुरू असताना उस्तादांच्या तोंडून बोल इतक्या वेगाने निघत, की हाताने लिहून घेणं अशक्य. म्हणून किप्पेन यांच्यासाठी बेल यांनी अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर बोल टंकित करायचा एडिटर बनवला. वर्ड प्रोसेसर तसा बोल प्रोसेसर. नाव तिथून पडलं. म्हणजे या वंशावळीच्या मुळाशीही एक एडिटरच आहे.

पुढे त्यात व्याकरण आलं. तबल्यात ‘कायदा’ नावाचा प्रकार असतो. एक मूळ बंदिश, आणि तिच्याच बोलांची उलटापालट करत केलेला विस्तार. बाहेरचा बोल घ्यायचा नाही. शब्द तोच, जो मराठीत कचेरीतून आला आणि ज्या नावाचं पुस्तक हातात घेऊन आपली पोरं मकतबमध्ये अलिफ-बे शिकतात. तिथेही अक्षराच्या वर-खाली जेर-जबरच्या खुणा असतात, वाचणाऱ्याला आवाज कळावा म्हणून. अक्षराजवळच खूण ठेवण्याची ही सवय जुनी आहे.

किप्पेन आणि बेल यांनी कायद्याचे नियम कॉम्प्युटरला घातले. यंत्र नवे विस्तार तयार करायचं आणि ते उस्तादांपुढे ठेवले जायचे. उस्ताद सांगायचे, हा चालेल, हा नाही. मग नियम सुधारायचे, पुन्हा विचारायचं. या सगळ्या उद्योगात अंतिम न्यायाधीश होता आफाक हुसैन खाँ यांचा कान. नियमांत बसणारा प्रत्येक विस्तार त्यांना पटायचा असं नाही. घराण्याचं ज्ञान त्यांच्या तोंडी जसं होतं तसं नियमांत उतरत नव्हतं, आणि तोच या संशोधनाचा विषय होता. किप्पेन यांचं लखनौच्या तबल्यावरचं पुस्तक १९८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केलं. आफाक हुसैन खाँ १९९० मध्ये गेले.

इथे थोडं थांबावं लागेल. ‘स्ट्रुडेलची लिपी लखनौची’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं नाही. उस्तादांसोबत चालला तो बोल प्रोसेसरचा पहिला अवतार. अनेक लयी एकमेकींत बसवायच्या कंसांची रचना बेल यांनी नंतरच्या, मॅकिंटॉशवरच्या दुसऱ्या अवतारात वाढवली, आणि टायडलने घेतलं ते त्यातलं. चौकोनी कंसावर बोट ठेवून ‘हा आफाक हुसैन खाँ यांचा’ असं दाखवता येणार नाही. पण बोल हेच लिहिण्याचं एकक मानायचं आणि त्यांचं आवर्तन व्याकरणाने फिरवायचं, हा मूळ विचार ज्या बैठकीत घडला, त्या बैठकीत ते होते. त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर यंत्राचे नियम बदलत होते. इतका हक्क पुराव्याने सांगता येतो आणि तो पुरेसा मोठा आहे. स्ट्रुडेलवर वाजवणाऱ्या ज्या तीन-चार तरुणांशी माझं बोलणं झालं, त्यांना मॅक्लीन माहीत होते, एकाला बेल माहीत होते, उस्ताद कुणालाच माहीत नव्हते. दोष त्यांचा नाही. ऋण एक पायरी मागे मान्य होतं, दोन पायऱ्या मागे विसरतं.

बेल यांचं नाव महाराष्ट्रात दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हवं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात त्यांचं ध्वनिमुद्रण आणि संगणकीय संग्रह उभा करण्यात बेल यांचा मोठा हात होता. आज तो संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. लखनौच्या खलिफांचे बोल आणि मुळशीच्या बायकांच्या ओव्या एकाच माणसाच्या कामात भेटतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

तालाच्या खुणा ओळीखाली लिहिण्याचा आपला इतिहासही याच्याशी जुळतो. बडोद्यात मौला बख्श (१८३३ ते १८९६) यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बनवली आणि १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने संगीतशाळा चालवली. विष्णू नारायण भातखंडे यांची पद्धत त्यानंतरची. तीच पुढे सर्वत्र गेली. तिच्यात बोलांच्या ओळीखाली समेला फुली, खालीला शून्य आणि टाळ्यांना आकडे असतात. भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज निघालं आणि तिथे तबला शिकवायला खलिफा आबिद हुसैन खाँ होते, आफाक हुसैन यांच्याच घराण्यातले. वाळकेश्वरचे पंडित आणि लखनौचे खलिफा यांचं एकमेकांबद्दल काय मत होतं हा वेगळा विषय आहे, पण ओळीखालची खूण आणि तोंडचा बोल एका इमारतीत आले होते.

डोळा आणि कान

विजेटवर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. चित्र आलं की माणूस ऐकणं सोडतो. पियानोरोलमधले ठिपके सुरेख जुळले, की लय सुरेख झाली असं वाटायला लागतं. आफाक हुसैन खाँ यांच्यापुढे कुणी पियानोरोल धरून ‘बघा, नियमात आहे’ म्हटलं असतं, तर त्यांनी डोळे मिटून ऐकलं असतं आणि नको तर नको म्हटलं असतं.

आणखी एक बाजू आहे. ओळीतला कागद हे ब्राउझरच्या दृष्टीने नुसतं रंगवलेलं पान असतं. दृष्टिहीन वादकाचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर त्यातलं काही सांगू शकत नाही. मजकूर मात्र ते वाचून दाखवतं. कोडचं संगीत अक्षरांत असल्यामुळे अंध माणसाला जे दार उघडं आहे, ते चित्राच्या मोहात बंद होता कामा नये.

म्हणून स्ट्रुडेलने जो मार्ग निवडला तो मला पटतो. चित्र ओळीच्या शेवटी लावलेली गोष्ट आहे. ती खोडली तर संगीतात काही कमी होत नाही. स्लायडरमधलं मोलही शेवटी आकडा म्हणून मजकुरातच राहतं. पानाच्या पार्श्वभूमीवर पसरणारी भव्य चित्रं मंचावर टाळ्या घेतात, पण कोणती ओळ काय करतेय हे ती सांगत नाहीत. ओळीखालची बोटभर पट्टी सांगते. शिकणाऱ्यासाठी मी तीच निवडेन.

आपल्या संगीतासाठी मात्र ही पट्टी अजून अपुरी आहे. टायडलसोबत येणाऱ्या आवाजांच्या संग्रहात तबल्याची पेटी आहे, पण तिच्यातले आघात क्रमांकाने बोलवावे लागतात. धा, ना, तिं यांच्या जागी तबला तीन, तबला सात. ज्या लिपीच्या पूर्वजाने बोलापासून सुरुवात केली, तिच्यात बोलाचं नाव गळून आकडा उरला. आवाजांना स्वतःची नावं देण्याची सोय आहे, तेव्हा हे दुरुस्त करणं अवघड नाही. कुणीतरी बसून करायला हवं.

अवघड गोष्ट खालीची आहे. तीनतालाचा ठेका घ्या: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीची खूण नवव्या मात्रेवर असते. पण नवव्या मात्रेवर अजून ‘धा’ आहे, म्हणजे डग्गा घुमतोय. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेच्या ‘तिं’पासून, आणि पुन्हा बोलतो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर. आता डग्ग्याच्या ओळीखाली स्कोप लावा. तो दहा ते तेरा मोकळं दाखवील. ताल म्हणतो नऊ ते बारा. दोन्ही खरं आहे. हात उलटा करून खाली दाखवणाऱ्या श्रोत्याला हा एका मात्रेचा फरक अंगात माहीत असतो. आवाज मोजणाऱ्या चित्राला तो कळणार नाही आणि आघात मोजणाऱ्या पियानोरोललाही नाही, कारण खाली हा आघात नव्हेच.

त्यासाठी वेगळं विजेट लागेल. स्ट्रुडेलचा कोड खुला आहे आणि नवं विजेट नोंदवण्याची रीतसर सोय त्यात आहे: नाव द्या, कागद घ्या, त्या ओळीचे आघात घ्या, काढा. एक चाक, वर सम, खाली शून्य, दोन टाळ्या, सोळा जागा, आणि चाकाच्या आतल्या कडेला डग्गा कुठे घुमतोय त्याची पट्टी. बाहेरची कड तालाची, आतली आवाजाची, दोन्हींतला एका मात्रेचा सरकलेला भाग डोळ्यांना दिसेल असा. जावास्क्रिप्ट येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला फार तर आठवड्याचं काम. फक्त शेजारी तबला येणारं कुणीतरी बसलेलं हवं, चालेल किंवा नाही म्हणायला.